काठावरचे आपण



बीड जिल्ह्यातील वाचकापुढे नौकाशर्यतीचा विषय काढणे काहीसे धाडसाचेच आहे. उत्तर सीमेवरून वाहणारी गोदावरी आणि माजलगाव व मांजरा या धरणांचे जलाशय सोडले, तर वर्षातील बराच काळ येथील नद्यांची पात्रे कोरडी असतात. 'वल्हे' हा शब्द आपल्याला पुस्तकातून माहीत आहे. 'टँकर' हा अनुभवातून. तरीही या पाठात एका महाविद्यालयाच्या नौकानयन संघाविषयी, आणि त्याहून अधिक त्या संघासाठी काठावर उभ्या राहणाऱ्या माजी विद्यार्थ्यांविषयी मी लिहिणार आहे. या माणसांच्या बोलण्यात एक सर्वनाम वारंवार येते आणि त्या सर्वनामाशी तुमचा फार जवळचा संबंध आहे.

नौकानयन हा केवळ पाणथळ प्रदेशाचा खेळ आहे, असेही मानण्याचे कारण नाही. दत्तू भोकनळ हा नाशिक जिल्ह्यातील चांदवड तालुक्याच्या तळेगाव रोही या गावचा. तो भागही पाण्यासाठी आसुसलेलाच. सैन्यात भरती झाल्यावर त्याने वल्हे हाती घेतले. २०१६ साली रिओ ऑलिम्पिकमध्ये एकेरी स्पर्धेत तो तेरावा आला आणि २०१८ च्या आशियाई क्रीडास्पर्धेत चौघांच्या भारतीय संघातून त्याने सुवर्णपदक मिळवले.

आता पुण्याकडे वळू. मुळा आणि मुठा यांच्या संगमाजवळ अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. १८५४ साली सुरू झालेली ही संस्था २०२२ मध्ये तंत्रज्ञान विद्यापीठ झाली; जुनी माणसे मात्र तिला अजूनही 'सीओईपी' याच नावाने ओळखतात. नदीच्या काठावर तिचा बोट क्लब आहे. १९२८ पासून चालत आलेला 'रेगाटा' हा तेथील नौकोत्सव. विद्यार्थी लांबट, निमुळत्या होड्या वल्हवतात, होड्यांच्या रचना करून दाखवतात आणि अंधार पडल्यावर मशाली घेऊन पाण्यावर नृत्य सादर करतात. तो पाहण्यासाठी काठावर जी गर्दी होते, तिच्यात वीस-तीस वर्षांपूर्वी पदवी घेऊन गेलेली माणसेही असतात.

माझा एक जुना विद्यार्थी त्यांपैकीच. अकरावी-बारावीला मी त्याला मराठी शिकवले होते. एका वर्षी मी पुण्यात असताना त्याने आग्रहाने मला तो सोहळा पाहायला नेले. वाटेत तो सांगत होता, "सर, मागच्या स्पर्धेत आपण शेवटच्या टप्प्यात मागे पडलो. यंदा आपली पोरं पहाटेपासून सराव करतायत." मी विचारले, "तू कोणत्या होडीत असायचास?" तो हसून म्हणाला, "मी कसला होडीत बसतोय? मला पोहताही येत नव्हतं. चार वर्षं काठावरच उभा होतो." परतल्यावर सोहळ्यातल्या मशालींइतकेच त्याचे ते वाक्य माझ्या मनात राहिले. होडीत कधीही न बसलेला माणूस 'आपण मागे पडलो' असे म्हणतो, तेव्हा त्या 'आपण'मध्ये नेमके कोण असते?

येथे भाषाविज्ञानाचा थोडा आधार घेऊ. प्रथमपुरुषी अनेकवचनासाठी मराठीत दोन सर्वनामे आहेत. 'आम्ही' म्हणताना ऐकणारा त्यात धरलेला नसतो. 'आपण' म्हणताना तो धरलेला असतो. 'आम्ही जेवायला बसतो' या वाक्याने पाहुणा अवघडतो आणि 'आपण जेवायला बसू' या वाक्याने तो पाटावर येतो. इंग्रजीला या दोन्हींसाठी एकच शब्द पुरतो. हिंदीतही 'हम' या एकाच शब्दावर काम भागवावे लागते. गुजरातीत हा भेद आहे आणि तेलुगूतही 'मेमु' व 'मनमु' अशा दोन रूपांनी तो ठळकपणे दिसतो. मराठीतील हा भेद अनेक अभ्यासक द्राविड भाषांशी आलेल्या दीर्घ सहवासाशी जोडतात. १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात राहिलेल्या आपल्या मराठवाड्याला तो सहवास समजावून सांगण्याची गरज नाही.

म्हणजे 'आपण' हा शब्द उच्चारणारा माणूस दोन गोष्टी एकदम करतो. तो स्वतः एका समूहात शिरतो आणि ऐकणाऱ्यालाही सोबत नेतो. माझ्या विद्यार्थ्याने माझ्याशी बोलताना 'आम्ही मागे पडलो' असे म्हटले असते, तर मी अंबाजोगाईचा पाहुणाच राहिलो असतो. 'आपण' म्हणून त्याने मलाही काठावर जागा करून दिली.

परंतु हे सर्वनाम वापरणे फार सोपे आहे आणि म्हणूनच ते तपासून घ्यावे लागते. रॉबर्ट चाल्डिनी या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९७६ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. सात विद्यापीठांत त्यांनी पाहिले, की विद्यापीठाचा फुटबॉल संघ जिंकल्यानंतरच्या सोमवारी विद्यार्थी विद्यापीठाचे नाव वा चिन्ह असलेले कपडे अधिक प्रमाणात घालून येतात. पुढे दूरध्वनीवरून विद्यार्थ्यांना सामन्यांविषयी विचारले, तेव्हा विजयाचे वर्णन करताना 'आपण' या अर्थाचे सर्वनाम पराभवाच्या वर्णनापेक्षा जास्त वेळा आढळले. थोडक्यात, जिंकलो ते 'आपण' आणि हरले ते 'ते'. चौकातल्या टपरीवर क्रिकेटचा सामना पाहणाऱ्यांच्या गप्पा ऐका. या निष्कर्षासाठी अमेरिकेपर्यंत जाण्याची गरज पडणार नाही.

आपल्याच जिल्ह्याचे उदाहरण घेऊ. अविनाश साबळे हा आष्टी तालुक्यातील मांडवा गावचा. त्याच्या तीन हजार मीटर स्टीपलचेस शर्यतीत अडथळ्यांबरोबर पाण्यावरच्या उड्याही असतात. २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याचे सुवर्णपदक सेकंदाच्या पाचशतांश भागाने हुकले आणि त्याला रौप्य मिळाले. त्या दिवशी बीड जिल्ह्यात तो 'आपला अविनाश' होता आणि त्यात वावगे काही नाही. पण त्याआधीच्या वर्षी टोकियो ऑलिम्पिकमध्ये राष्ट्रीय विक्रम नोंदवूनही त्याला अंतिम फेरी गाठता आली नव्हती. तेव्हा 'आपला' म्हणणारे किती होते, हा प्रश्न ज्याने-त्याने स्वतःला विचारावा. पदकानंतरचे 'आपण' फुकट मिळते. त्याआधीच्या 'आपण'ला काही किंमत मोजावी लागते.

ती किंमत कशी मोजतात, हे नौकाशर्यतींच्या इतिहासात चांगले दिसते. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज या विद्यापीठांची शर्यत १८२९ साली प्रथम झाली. एकाच शाळेत शिकून दोन वेगळ्या विद्यापीठांत गेलेल्या दोन मित्रांच्या आव्हानातून ती जन्मली. आज ती लंडनमध्ये थेम्स नदीवर पटनी ते मॉर्टलेक अशा सुमारे ६.८ किलोमीटरच्या अंतरावर होते. १९१२ साली दोन्ही संघांच्या होड्यांत पाणी भरले आणि शर्यत पुन्हा घ्यावी लागली. अशा परंपरा केवळ वल्हवणाऱ्यांच्या बळावर टिकत नाहीत. विद्यार्थी तीन-चार वर्षांत पदवी घेऊन निघून जातात, संघ सतत बदलत राहतो. टिकून राहतात ते माजी विद्यार्थी. कोणी मार्गदर्शन करतो, कोणी नव्या होडीसाठी पैसे देतो, कोणी जुन्या शर्यतींच्या आठवणी नव्या मुलांना सांगतो. बाकीचे नुसते काठावर येऊन उभे राहतात, आणि हेही काम कमी मोलाचे नाही.

त्याचे कारण त्या खेळाच्या रचनेतच आहे. आठ जणांच्या होडीत वल्हवणारे सर्व जण ज्या दिशेने जायचे तिकडे पाठ करून बसतात. पुढे पाहतो तो सुकाणू सांभाळणारा एकटा नववा. अंतिम रेषा वल्हवणाऱ्यांच्या नजरेसमोर नसते. त्यांना मागे पडलेले पाणी दिसते, सोबत्याची पाठ दिसते आणि काठावरचे आवाज ऐकू येतात. आपण कुठवर आलो, हे त्या आवाजांच्या वाढत्या जोरावरूनही त्यांना उमगत असावे.

हे सारे मी तुम्हांला का सांगतो आहे? आपल्या भागात पदवीविषयी विचारले, की मुक्त विद्यापीठाचा विद्यार्थी बहुधा एका शब्दात उत्तर देतो: 'बाहेरून.' 'बी.ए. बाहेरून केलं', 'बाहेरून परीक्षा दिली'. हे सांगताना आवाज किंचित खाली येतो. अनेक वर्षे मी हा शब्द ऐकत आलो आहे. दिवसभर शेतात, दुकानात, अंगणवाडीत किंवा ऊसतोडीच्या फडावर राबून रात्री पुस्तक उघडणाऱ्यांच्या तोंडून तो येतो, तेव्हा तो मला बोचतो. अमुक एक वर्ग, एक मैदान, एक कट्टा यांच्या आत जे होते ते विद्यार्थी आणि उरलेले बाहेरचे, अशी विभागणी या एका क्रियाविशेषणात दडलेली आहे.

पण मग पोहता न येणारा माझा विद्यार्थीही होडीच्या बाहेरच होता. चार वर्षे बाहेर होता आणि पुढची वीस वर्षेही बाहेरच आहे. तरीही त्याचे 'आपण' खोटे वाटत नाही. होडी हरली त्या वर्षीही तो काठावर होता, जिंकली त्या वर्षीही होता, आणि पुढच्या मुलांचा सराव कसा चालला आहे याची चौकशी तो आजही करतो. समूहाचे सदस्यत्व त्याला कोणत्याही बाकावर बसून मिळालेले नाही. वर्षानुवर्षे येत राहून त्याने ते मिळवले आहे.

यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची स्थापना १९८९ साली नाशिक येथे झाली. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे त्याचे ब्रीदवाक्य. नदी घरापर्यंत आणायची, ही त्यामागची कल्पना. मात्र नदी घरोघरी वाटली गेली, की सगळ्यांनी मिळून उभे राहावे असा एक काठ उरत नाही, ही अडचणही तितकीच खरी. तुमच्या विद्यापीठाच्या होडीसाठी ओरडायला तुम्ही कोठे जमणार? तुमची गाठ पडते ती अभ्यासकेंद्रावरच्या संपर्कसत्रात, आणि पदवी मिळाली की तीही संपते.

म्हणून तुमचा काठ तुम्हांलाच घडवावा लागेल आणि तो घडवणे अवघडही नाही. तुमच्या गावात, तुमच्या वस्तीवर पुढच्या वर्षी कोणीतरी प्रवेश घेईल. बहुधा ती शाळा सुटून दहा वर्षे झालेली एखादी गृहिणी असेल किंवा कारखान्यावरून परतलेला एखादा तरुण. अर्जाची मुदत केव्हा संपते, स्वाध्याय कसा लिहायचा, एका विषयात राहिले तर पुढे काय करायचे, हे सांगणारा माणूस त्यांना हवा असेल. तीही पुढ्यात पुस्तक आणि अंतिम रेषेकडे पाठ, अशाच अवस्थेत असतील. ती नापास झाली, तर 'ती नापास झाली' असे न म्हणता 'आपला एक विषय राहिला' असे म्हणणारे कोणी जवळ असणे, हाच त्यांच्यासाठी काठ आहे. तुमची जुनी पुस्तके, तुमच्या टिपणवह्या आणि तुमचा रविवारचा एक तास एवढ्यावरही माजी विद्यार्थी होता येते.

या घटकाच्या शेवटी एक छोटे काम करा. घरी, बाजारात, एस.टी.च्या थांब्यावर आठवडाभर लोकांचे बोलणे ऐका आणि 'आम्ही' व 'आपण' यांची प्रत्येकी दहा वाक्ये टिपून ठेवा. कोणी कोणाला आत घेतले आणि कोणाला बाहेर ठेवले, ते प्रत्येक वाक्यापुढे लिहा. व्याकरणाचा एक भेद त्यातून पक्का होईल. त्या यादीत एक वाक्य स्वतःचेही असू द्या: तुमच्या शिक्षणाविषयी कोणी विचारले असता तुम्ही दिलेले उत्तर. त्यात 'बाहेरून' हा शब्द आला असेल, तर तो खोडून तेच वाक्य पुन्हा कसे लिहाल, यावर पुढच्या संपर्कसत्रात आपण बोलू.