पाय घसरला

‘पाय घसरला’ हे वाक्य अकर्मक कर्तरी प्रयोगाचे उदाहरण म्हणून मी अनेक वर्षे वर्गात देत आलो आहे. कर्ता कोण, असे विचारले की मुले एका सुरात ‘पाय’ म्हणतात. व्याकरणाच्या दृष्टीने उत्तर अचूक असते. मला मात्र दरवेळी माझे चुलते आठवतात.

आमचे गाव धाराशिव जिल्ह्यातील कळंब तालुक्यात. जिल्ह्यात साखर कारखाने असले तरी कळंब, वाशी, भूमकडची कितीतरी कुटुंबे दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्राची वाट धरतात. मुकादमाकडून घेतलेली उचल तोवर खर्ची पडलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता मोजला जातो. तोडलेल्या उसाची मोळी डोक्यावर घेऊन अरुंद फळीवरून वाहनात चढायचे, हे भरणीचे काम पुष्कळदा रात्री चालते. अशाच एका पहाटे अण्णा फळीवरून पडले आणि त्यांची कंबर कायमची गेली. उचल फिटली नव्हती, म्हणून उरलेला हंगाम काकूंनी थोरल्या मुलाला जोडीला घेऊन काढला. त्याची शाळा तिथेच सुटली.

मदतीचा अर्ज मी लिहिला होता. घरात शिकलेला मीच. ‘पाय घसरून पडल्यामुळे’ असे मी सहज लिहून गेलो. आपल्या भाषेत पाय घसरणे म्हणजे चुकणे, वाट सोडणे असाही अर्थ होतो, हे ठाऊक असूनही. अर्जाला उत्तर आले नाही.

पुढे १९४८ च्या कारखाने कायद्याचे ३२ वे कलम वाचनात आले. जमिनी, पायऱ्या, ये-जा करण्याच्या वाटा मजबूत असाव्यात, त्यांवर अडथळा किंवा घसरवणारा पदार्थ नसावा, गरज तेथे कठडे असावेत, असे ते सांगत होते. पडणाऱ्याच्या पायाकडे न पाहता ते त्याच्या पायाखाली पाहत होते. मात्र त्याची नजर कारखान्याच्या आवारापुरतीच होती; उसाचा फड त्याबाहेर राहिला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याच्या जागी व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता आली आहे. फडातली फळी अजून तशीच आहे.

तो अर्ज आज लिहायचा झाला तर मी लिहीन: पाचटावर दव होते, उजेड नव्हता, फळीला आडव्या पट्ट्या नव्हत्या, धरायला काही नव्हते.

यंदा वर्गात उदाहरण तेच ठेवले. कर्ता सांगून झाल्यावर विचारले, फळी ओली होती हे या वाक्यात कुठे आले? तोडीवर जाणाऱ्या घरातली एक मुलगी म्हणाली, “सर, ते कुणी विचारतच नाही.”