चिकू आणि कला

आमच्या डहाणूच्या वाडीत चिकूची झाडं दहा-दहा मीटरवर आहेत. पहिल्या झाडापासून सहाव्यापर्यंत बरोबर 50 मीटर. तलासरीहून नेमबाजी शिकायला येणाऱ्या मुलीच्या हातात मी आधी रायफल दिलीच नाही. 1 मीटरची काठी घेतली, टोकाला शाळेतली पट्टी आडवी बांधली आणि दुसरं टोक डोळ्याखाली गालाच्या हाडाला टेकवायला सांगितलं. सहाव्या झाडाला टांगलेला चिकू पट्टीवर 1 मिलिमीटर भरला. निम्म्या वाटेवर गेल्यावर तोच 2 मिलिमीटर.

"काका, चिकू तोच ना? मग वाढला कसा?"

चिकू 5 सेंटिमीटरचाच होता. वाढला तो कोन.

अंतराचा हजारावा भाग म्हणजे एक मिल. नेमबाजांचं दुसरं माप मिनिट, म्हणजे अंशाचा साठावा भाग. पंचांग वाचणाऱ्या घरात ते जुनंच आहे: अंश, कला, विकला. मिनिट म्हणजे कला. मला हाच शब्द आवडतो, वाडीत आम्ही तोच वापरतो. 1 कला 100 मीटरवर 2.9 सेंटिमीटर भरते, 300 मीटरवर 8.7. माझ्या साइटचा एक क्लिक पाव कलेचा. म्हणजे गोळी 50 मीटरवर 3.6 मिलिमीटर सरकते, 300 मीटरवर जवळजवळ 22.

हे मला उशिरा कळलं. 300 मीटरवर पहिल्यांदा झोपून नेम धरला, तेव्हा गोळी 11 सेंटिमीटर खाली लागली. 50 मीटरच्या सवयीने मी 30 क्लिक वर दिले. हवे होते पाच. पुढची गोळी वर्तुळांच्या बाहेरून गेली. त्या रात्री झोप लागली नाही. वही घेऊन सगळी वर्तुळं कोनात मांडत बसलो. 300 मीटरवर दहाचं वर्तुळ 100 मिलिमीटर, 50 मीटरवर 10.4. कलांमध्ये मात्र पहिलं 1.15 आणि दुसरं 0.7. जवळचं टार्गेटच बारीक! स्वप्निल कुसाळेने 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक मिळवलं ते याच वर्तुळावर. पौर्णिमेच्या चंद्रबिंबाच्या चाळिसाव्या हिश्शाहूनही ते लहान दिसतं.

परवा त्या मुलीला टार्गेटवरचं छिद्र दाखवून विचारलं, "किती चुकलं?"

तिने सेंटिमीटर सांगितले नाहीत. म्हणाली, "दीड कला डावीकडे. सहा क्लिक."