आण्णांचा माग

आमचा प्रपंच लेखणीवर चालतो. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याच्या ऑफिसात आम्ही हजेरी, पगार आणि सुताचा हिशेब लिहितो. संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी वस्तीतली कामे. कोणाचा जातीचा दाखला अडलेला असतो, कोणाचे फंडाचे कागद. हाताला शाई लागते, ग्रीस कधी लागले नव्हते. म्हणून 2023च्या ऑक्टोबरात आम्ही एक मोडका माग विकत घेतला, तेव्हा घरात आणि ऑफिसात दोन्हीकडे आमच्या डोक्याची चौकशी झाली.

झाले होते असे. आमच्या रस्त्यावरची एक जुनी शेड कायमची बंद झाली आणि तिथले माग भंगारात निघाले. धोट्याचे साधे माग आता सगळीकडेच निघत आहेत. त्यांच्या जागी बिनधोट्याचे रेपियर माग येतात. ते दुपटी-तिपटीने कापड काढतात आणि माणसे कमी लागतात. हिशेबनीस म्हणून आम्हाला हे गणित कळते. पण त्या शेडमध्ये आमच्या वडिलांनी, आण्णांनी, शेवटची अकरा वर्षे काढली होती. माग गॅसने कापून नेणार हे कळल्यावर ते म्हणाले, "मला एकदा बघू दे." दहा-बारा मागांच्या रांगेत त्यांनी आपला माग लगेच ओळखला. त्याच्या डाव्या बाजूच्या चौकटीला जुन्या वेल्डिंगचा मोठा डाग होता. त्यावर हात ठेवून ते उभे राहिले आणि आम्ही भंगारवाल्याला भाव विचारून बसलो.

चोवीस हजार रुपये. ते आम्ही मालकाकडून उचल घेतले आणि दरमहा दोन हजार पगारातून कापून दिले. मुलांची आई एवढेच म्हणाली, "मुलीची बारावी आहे आणि तुम्ही लोखंड आणताय." त्यावर आमच्याकडे उत्तर नव्हते, आजही नाही.

मात्र त्या मागाचे आमच्या घराशी काय नाते आहे, ते सांगायला हवे. सोलापुरात पहिली कापड गिरणी 1877 साली निघाली, मग आणखी निघाल्या. आमचे आजोबा त्यांतल्याच एका गिरणीत सूत खात्यात होते. विणकाम खात्यात मजुरी जास्त होती, पण तिथे आपल्या माणसाला पाऊल टाकू देत नसत. कारण धोटा. धोट्यात नवी कांडी घातली की सुताचे टोक धोट्याच्या बारीक भोकातून बाहेर काढावे लागे. ते भोकाला ओठ लावून श्वासाने ओढून घेत. एकाने तोंड लावलेला धोटा दुसऱ्याच्या तोंडी जाणार, मग त्यात महाराचे तोंड कसे चालेल? मुंबईच्या गिरण्यांतही हाच प्रकार होता. 1928च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे रोखठोक मांडला होता. आजोबांची सारी हयात मात्र सूत खात्यातच गेली.

आण्णा 1966 साली, अठराव्या वर्षी, एका छोट्या यंत्रमाग शेडमध्ये लागले. तिथल्या पद्मशाली मास्तरांनी पहिल्याच दिवशी सूत ओढून दाखवले आणि तोच धोटा त्यांच्या हातात दिला. त्यांना मराठी बेताचेच यायचे. तोंडाकडे बोट करून त्यांनी 'ओढ' अशी खूण केली. त्या रात्री आजोबांनी जेवताना विचारले, "तोंड लावू दिलं?" आण्णा "हां" म्हणाले. आजोबांनी पुढचा घास बराच वेळ हातातच धरला होता, असे आमची आजी सांगायची.

हे आम्ही सभांमधून अनेकदा सांगितले आहे आणि टाळ्या घेतल्या आहेत. सभेत एक गोष्ट मात्र सांगत नसू. त्या भोकातून सुताबरोबर कापसाची धूळही छातीत जाते. आण्णांचा खोकला आणि बहिरेपण ही त्याच खात्याची कमाई आहे. लढून मिळवलेली जागासुद्धा तशी होती.

ओळखीच्या एका लहान कारखानदाराने त्याच्या शेडच्या मागच्या बाजूला जागा दिली आणि आमचे सुट्टीचे दिवस तिथे जाऊ लागले. पहिले चार महिने नुसता गंज. सुटे भाग डिझेलमध्ये भिजत घालायचे आणि पॉलिश पेपरने घासायचे. फणी पूर्ण सडलेली होती, ती नवी घेतली. मोटार रिवाइंडिंगला दिली. आम्ही घासत असू आणि पंचाहत्तरी ओलांडलेले आण्णा स्टुलावर बसून "अजून" म्हणत.

अठरा वर्षे आम्ही वहीत टेरीच्या सुताचे दोन रकाने लिहितो आहोत. ते दोन का, हे आम्हाला त्या स्टुलाशेजारी कळले, हे कबूल करायला लाज वाटते. टेरीच्या मागाला दोन बीम असतात. एकाचे सूत ताठ, दुसऱ्याचे सैल. आडवे दोन धागे थोडे अलीकडेच थांबवायचे आणि तिसऱ्यासोबत फणीने तिघांनाही पुढे ठोकायचे. ताठ सूत जागचे हलत नाही, सैल सूत वर उसळते आणि त्याचा लूप होतो. टॉवेल अंगाला मऊ लागतो तो या लूपमुळे.

सगळ्यात छळले ते धोट्याला टोला देणाऱ्या लाकडी दांडीने. जुनी तडकलेली होती. सुताराकडून दोन करून घेतल्या, दोन्ही मोडल्या. तिसरी आण्णांनी आमच्याकडून तासून घेतली. तीन रविवार गेले. ते हातात घेऊन तोलायचे आणि परत द्यायचे. ती बसवली आणि बटण दाबले, तर धोटा पेटीत न जाता उडाला आणि आमच्या कानाजवळून भिंतीवर आदळला. धोटा उडून डोळा गेलेली माणसे आमच्या वस्तीत आहेत. आम्ही थरथरत होतो. आण्णा हसले. म्हणाले, "पेटी तिरकी हाय. दोन सूत आत घे."

2024च्या भीमजयंतीच्या आदल्या आठवड्यात माग चालला. आण्णांना त्याचा आवाज ऐकू आला नाही. त्यांनी चौकटीवरच्या त्या वेल्डिंगच्या डागावर तळहात ठेवला आणि डोळे मिटले. थोड्या वेळाने म्हणाले, "डावीकडनं उशिरा येतोय." फिटरने पाहिले, खरेच उशिरा येत होता.

पुढे वर्षभर आम्ही त्यावर नॅपकिन काढले. कोणाच्या लग्नाला, कोणाच्या पुण्यानुमोदनाला दिले. विकण्याइतके ते कधीच निघाले नाहीत. आमच्या मनात वेगळेच होते. माग विहाराशेजारच्या हॉलमध्ये ठेवायचा, वर काचेत 1928चा इतिहास लावायचा, लेकरांना दाखवायचा. मजकूरही लिहून ठेवला होता. आण्णांना वाचून दाखवला, मोठ्याने. ते म्हणाले, "आरं, माग हाय त्यो. बसवून ठिवला की गंजतोय. हार घालायला बाबासायबांचा फोटो हाय की." आम्ही रागावलो. पंधरा दिवस बापलेकांत बोलणे नव्हते.

मग 18 मे 2025 उजाडला. पहाटे आमच्या एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्याला आग लागली आणि आठ माणसे गेली. त्यात एक तान्हे लेकरू होते. तो सारा दिवस आम्ही इतरांबरोबर रस्त्यावर उभे होतो. धुराचा आणि जळक्या सुताचा वास कपड्यांतून कितीतरी दिवस गेला नाही. दोन दिवसांनी आम्ही आमच्या मागाच्या शेडमध्ये गेलो आणि दारातच थबकलो. शेडचे मागचे दार होते, त्याच्या बरोबर समोर आमचा माग होता. वर्षभर आम्ही तिथून अंग चोरून ये-जा करत होतो. आत रात्रपाळीला चौघे कामाला असत. दुसऱ्यांच्या कारखान्यांतल्या हलगर्जीपणावर निवेदने देणारे आम्ही, आणि ते दार आम्हीच अडवले होते.

कारखानदार भला माणूस, त्याने तोंडाने म्हटले नाही. आम्हीच म्हणालो, आठ दिवसांत हलवतो.

हॉलचा विषय आम्ही पुन्हा काढला नाही. कांडी मशीनवर काम करणाऱ्या एक बाई आमच्या ओळखीच्या. त्यांच्या घरी दोन जुने माग चालतात, नवरा आणि दीर विणतात. त्यांना तिसरा हवा होता. बारा हजारांना ठरला, तोही हप्त्याने. नफा-तोटा काढायला आम्ही बसलो नाही. बी.कॉम. झालेल्या माणसाला हे जड जाते.

टेम्पोत माग चढवताना आम्ही चारपैकी एक धोटा पिशवीत टाकला होता. आण्णांच्या नजरेतून सुटले नाही. हात पुढे करून त्यांनी तो मागितला, अंगठ्याने त्याचे भोक पुसले आणि त्या बाईंच्या नवऱ्याच्या हातात ठेवला. "चार लागत्यात," म्हणाले.

गेल्या महिन्यात हप्ता आणायला गेलो होतो. माग चालू होता. आम्ही तासलेली ती दांडी काढून त्यांनी फायबरची बसवली आहे. आमची दांडी कोपऱ्यात चुलीच्या फाट्यांवर पडली होती. घरी येऊन आण्णांना सांगितले. दोनदा सांगावे लागले.

"बरं केलं," ते म्हणाले. "लाकडी टिकली नसती."