पागेतला आठवडा

मुलांनो, एक जुने कोडे तुम्ही आजीकडून नक्की ऐकले असेल. भाकरी का करपली? पान का सडले? घोडा का अडला? तिन्ही प्रश्नांना उत्तर एकच : न फिरवल्यामुळे! भाकरीचे आणि पानाचे आपल्याला पटकन कळते. पण घोडा न फिरवल्यामुळे अडतो म्हणजे काय, हे मला पुण्याच्या रेसकोर्सजवळच्या एका पागेत गेल्यावर समजले.

तुम्ही म्हणाल, बाई आणि रेसच्या पागेत? त्याचे असे झाले. मी प्राथमिक शाळेत शिकवते. गेल्या वर्षी चौथीच्या वर्गाला मी निबंध दिला होता, ‘माझे वडील काय काम करतात?’ एका मुलाने लिहिले, “माझे वडील रोज पहाटे घोड्याला उठवायला जातात. पण घोडा त्यांच्या आधीच उठलेला असतो.” मला फार गंमत वाटली. घोड्याची देखभाल करणाऱ्या माणसाला आपण मोतद्दार म्हणतो. रेसच्या पागेत त्यालाच सईस म्हणतात. या मुलाचे वडील सईस. त्यांनी पागेच्या ट्रेनरसाहेबांची परवानगी काढून दिली आणि मी पावसाळ्यातल्या काही सकाळी शाळेआधी तिथे जाऊन आले.

रेस म्हटले की तुमच्या आईबाबांच्या कपाळाला आठी पडेल. पडलीच पाहिजे. घोड्यांवर पैजा लावून अनेक घरांची धूळधाण झाली आहे. १८ वर्षांखालच्या मुलांना तर पैज लावताच येत नाही आणि मोठ्यांनीही त्यापासून लांब राहिलेले बरे. पण पैजेच्या खिडकीवरचा माणूस वेगळा आणि पहाटे घोड्याचे खूर साफ करणारा माणूस वेगळा. मी तुम्हाला सांगणार आहे ते या दुसऱ्या माणसाबद्दल.

पागेत पाऊल टाकण्याआधी सईसदादांनी मला पहिला धडा दिला. “बाई, घोड्याच्या मागनं जायचं न्हाई. म्होरनं बी एकदम जायचं न्हाई. बाजूनं यायचं, आवाज देत यायचं.” घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. त्यामुळे त्याला जवळजवळ सगळीकडचे दिसते, फक्त अगदी पाठीमागचे आणि अगदी नाकासमोरचे दिसत नाही. न दिसणाऱ्या जागेतून कुणी आले की तो दचकतो आणि लाथ झाडतो. यात रागापेक्षा भीतीच जास्त असते. घोडा मोठा असला तरी भित्रा प्राणी आहे, बरं का! पळून जीव वाचवणे हेच त्याचे शस्त्र.

आता पागेतला आठवडा पाहू. सोमवारी शाळेत आपली प्रार्थना सुरू होते, तेव्हा पागेतले निम्मे काम उरकलेले असते. सईस पहाटे अंधारातच येतो. आधी तो घोड्याच्या ठाणात डोकावतो. ठाण म्हणजे घोड्याची खोली. रात्रीची चंदी संपली का? चंदी म्हणजे घोड्याचा धान्याचा खुराक. ती उरली असेल तर काहीतरी बिघडले आहे. लीद रोजच्यासारखी आहे का? ताप आहे का? घोड्याचे नेहमीचे तापमान ३८ अंश सेल्सिअसच्या आसपास, म्हणजे आपल्यापेक्षा थोडे जास्तच असते. एवढी चौकशी कशाला, असे वाटेल. पण घोड्याला उलटी करता येत नाही! पोटात गेलेले वाईट अन्न बाहेर काढण्याची सोय निसर्गाने त्याला दिलेली नाही. त्यामुळे साधी पोटदुखीसुद्धा त्याच्या जिवावर बेतू शकते. त्याचे पोटही अंगाच्या मानाने लहान, म्हणून त्याला एकदम भरपूर न देता दिवसातून तीनचार वेळा थोडेथोडे देतात. ओट, कोंडा, वाळलेले गवत आणि हिरवागार लसूणघास.

मग घोडा मैदानात जातो. त्याच्यावर बसणारा रायडिंग बॉय वेगळा असतो. दररोज शर्यतीसारखे पळवतात असे मात्र मुळीच नाही. आठवड्यातले काही दिवस नुसते चालणे, दुडकी चाल आणि हलकी दौड. जोराची धाव आठवड्यातून एकदोनदाच. ट्रेनर हातात घड्याळ धरून उभा असतो, पण त्याचे कान घोड्याच्या श्वासाकडे असतात. घोडा फक्त नाकाने श्वास घेतो, तोंडाने घेऊ शकत नाही. भरधाव पळताना प्रत्येक ढांगेला एक श्वास, असे त्याचे गणित जुळलेले असते. उभ्या घोड्याचे हृदय मिनिटाला ३० ते ४० वेळा धडधडते. शर्यतीत तेच २०० च्या वर जाते.

आणि धावून आल्यावर? लगेच ठाणात बांधायचे नाही. फिरवायचे! श्वास शांत होईपर्यंत, अंगाचा घाम सुकेपर्यंत सईस त्याला हाताने धरून गोल गोल फिरवतो. तसाच बांधला तर स्नायू आखडतात आणि दुसऱ्या दिवशी घोडा पाऊल उचलत नाही. घ्या, आजीचे कोडे सुटले! त्यानंतर अंघोळ, खरारा, मालिश आणि खूर साफ करणे. खरारा म्हणजे दातेरी साधनाने आणि ब्रशाने सारे अंग घासणे. एका घोड्याचे वजन ४५० ते ५०० किलो. तेवढे अंग रोज घासायचे म्हणजे व्यायामशाळेत जायला नको!

मधल्या वारी नालबंद येतो. खूर म्हणजे घोड्याचे नखच. आपण पाच बोटांवर उभे राहतो, घोडा प्रत्येक पायाच्या एकाच मधल्या बोटावर उभा असतो. नख वाढते, म्हणून साधारण महिन्याने जुना नाल काढून खूर तासतात आणि नवा नाल ठोकतात. शर्यतीसाठी ॲल्युमिनियमचे हलके नाल असतात. खिळे नखातच जातात, म्हणून घोड्याला दुखत नाही.

आठवड्याच्या शेवटी कोणते घोडे पळणार याची यादी पक्की होते. इथे एक मजेदार नियम आहे. बऱ्याच शर्यतींत जो घोडा जास्त चांगला, त्याच्या पाठीवर जास्त वजन देतात. जॉकी हलका असेल तर खोगिराखाली शिशाच्या पट्ट्या घालून वजन पुरे करतात. शर्यतीपूर्वी जॉकी खोगिरासकट वजनकाट्यावर बसतो आणि जिंकल्यावर पुन्हा बसतो. मध्येच कुणी वजन कमी करू नये म्हणून!

प्रत्येक घोड्याचे कागदावरचे नाव निराळे आणि पागेतले निराळे. कागदावरच्या नावात इंग्रजी अक्षरे आणि मोकळ्या जागा धरून १८ पेक्षा जास्त चालत नाहीत. आपल्या सईसदादांच्या घोड्याचे नाव असेच ऐटबाज इंग्रजी होते. पण पागेत त्याला सगळे म्हणत बाळ्या! बाळ्या चार वर्षांचा. त्याचा खरा वाढदिवस कोणताही असो, आपल्याकडे रेसच्या सगळ्या घोड्यांचे वय एक जानेवारीला एका वर्षाने वाढते.

आता मुख्य गोष्ट सांगते. गेल्या पावसाळ्यात बाळ्या एका रविवारी पळणार होता. पागेत सर्वांना वाटत होते की या वेळी तो जिंकणार. घोडा जिंकला की मालक खुशीने सईसाला बक्षीस देतात. माझ्या विद्यार्थ्याला त्या बक्षिसातून सायकल मिळायची होती. आठवडाभर वर्गात दुसरा विषय नव्हता. “बाई, आता घोडामैदान जवळच आहे!” असे तो मला रोज सांगायचा.

गुरुवारी पहाटे सईसदादांनी नेहमीप्रमाणे बाळ्याच्या पायांवरून हात फिरवला. घोड्याच्या पायाला गुडघ्याच्या खाली मांस जवळजवळ नसतेच. असतात ती हाडे आणि दोरीसारख्या घट्ट शिरा. भरधाव पळताना एका क्षणी अंगाचा सारा भार एकाच पुढच्या पायावर येतो. त्या दोरीचा एखादा धागा दुखावला तर आधी काहीच दिसत नाही. घोडा लंगडत नाही, नीट खातो, नीट चालतो. फक्त ती जागा किंचित गरम लागते. डाव्या पायाची ती जागा दादांच्या तळव्याला किंचित गरम लागली.

मुलांनो, जरा विचार करा. ते दुसऱ्या कुणाला दिसलेले नव्हते. दादा गप्प बसले असते तर कदाचित बाळ्या पळाला असता, कदाचित जिंकलाही असता. आणि कदाचित शेवटच्या वळणावर त्याचा पाय कायमचा गेला असता. दादांनी हात उचलला आणि सरळ जाऊन ट्रेनरसाहेबांना सांगितले. पशुवैद्य आले, तपासले आणि म्हणाले, सूज सुरू होते आहे. बाळ्याचे नाव शर्यतीतून मागे घेतले गेले.

शुक्रवारी तो मुलगा वर्गात मान खाली घालून बसला. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणाले, “काय रे, कुठे गेली सायकल?” त्याने उत्तर दिले नाही. मी वडिलांना भेटले तेव्हा ते बाळ्याच्या पायावर नळीने गार पाणी सोडत बसले होते. मी विचारले, “दादा, वाईट नाही वाटलं?”

“वाटलं की बाई. पोराला कबूल केलं हुतं,” ते म्हणाले. “पण ह्यो बोलत न्हाई. मग आपुन बोलायचं.”

एवढेच. पुन्हा पायाकडे बघून त्यांनी नळी थोडी खाली धरली.

सोमवारी मी वर्गात फळ्यावर एक गणित घातले. १२०० मीटरची शर्यत घोडा ७२ सेकंदांत पळाला, तर ताशी वेग किती? उत्तर आले ६० किलोमीटर. मग विचारले, आठवड्यात सेकंद किती? बराच गुणाकार करून उत्तर आले ६,०४,८००. मी म्हटले, “यातले ७२ सेकंद लोक टाळ्या वाजवतात. बाकीचे सेकंद घोड्याकडे कोण बघतं?” वर्गाने त्या मुलाकडे पाहिले. त्याने हळूच मान वर केली. मागच्या बाकावरूनच पुन्हा आवाज आला, पण या वेळी प्रश्न वेगळा होता, “ए, तुझे बाबा आम्हाला घोडा दाखवतील का?”

बाळ्या अनेक आठवडे नुसता चालला. नोव्हेंबरच्या सुमारास पुण्याचा हंगाम संपतो आणि घोडे ट्रकमधून मुंबईला, महालक्ष्मीच्या मैदानाकडे निघतात. ते मैदान १८८३ सालचे. घोड्यांबरोबर सईसही जातात. मुलाची शाळा मोडू नये म्हणून तो आणि त्याची आई पुण्यातच राहिली. वडील रजा मिळेल तसे येत. हिवाळ्याच्या शेवटी बाळ्या मुंबईत पळाला आणि चौथा आला. दादांनी फोनवर मुलाला सांगितले, “चौथा आला, पण चारी पाय धड घिऊन आला.” त्या संध्याकाळी पहिल्या आलेल्या घोड्याला चंदी मिळाली आणि बाळ्यालाही मिळाली. खरारा दोघांनाही झाला. ठाणात निकाल विचारून पाणी देत नाहीत.

एक गोष्ट मात्र मनाला लागून राहते. घोडा २५ ते ३० वर्षे जगतो, पण शर्यतीत तो थोडीच वर्षे पळतो. पुढे काहींना चांगले घर मिळते, कुणी रायडिंग स्कूलमध्ये मुलांना शिकवू लागतो. पण सगळ्यांच्याच नशिबी ते नसते. ज्याने आपल्यासाठी धाव घेतली, त्याच्या म्हातारपणाची जबाबदारी कुणाची? तुम्ही मोठे व्हाल तेव्हा या प्रश्नाचे चांगले उत्तर शोधा.

आणि पालकहो, दोन शब्द तुमच्यासाठी. परीक्षेचा निकाल ७२ सेकंदांत वाचून होतो. पण मुलाने ताटात काही टाकले का, आज गप्प गप्प का आहे, हे रोज बघावे लागते. हात फिरवल्याशिवाय कुठे गरम आहे ते कळत नाही.

मुलांनो, आता तुमचे काम. तुमच्या घरात, शाळेत, गल्लीत असे कोण आहे, ज्याचे काम नीट झाले की कुणाच्या लक्षातच येत नाही? पाण्याची टाकी बघणारे काका, शाळेची घंटा देणारे मामा, गोठ्यात पहाटे उठणारी आजी. एक दिवस त्यांच्याबरोबर पहाटे उठा. काय पाहिले ते दहा ओळींत लिहा आणि आधी त्यांनाच वाचून दाखवा.