दहशत आणि दहशतवाद: कायद्याने ओढलेली रेघ

जानेवारी १९७६ ते मार्च १९७७. आणीबाणीतील पुणे. या काळात शहरात दहा जणांचे दोरीने गळे आवळून खून झाले. घरेच्या घरे संपली. अंधार पडला की रस्ते ओस पडत, दारावर थाप पडली तरी कुणी कडी काढत नसे. जोशी-अभ्यंकर हत्याकांड म्हणून ते आजही ओळखले जाते.

पुण्यात दहशत होती, यात शंका नाही. मग तो दहशतवाद होता का?

मारेकरी निघाले चित्रकला शिकणारे तरुण. हेतू लुटीचा. शहर घाबरावे, सरकार नमावे, अशी त्यांची कोणतीही मागणी नव्हती. उलट आपण कोण आहोत हे कधीच कळू नये, एवढीच इच्छा. खटला साध्या भारतीय दंड संहितेखाली चालला आणि १९८३ मध्ये चौघांना येरवड्यात फाशी झाली. ‘दहशतवादी कृत्य’ नावाचा वेगळा गुन्हा तेव्हा आपल्या कायद्यात नव्हताच.

तो आला १९८५ मध्ये, टाडासोबत. पंजाब धुमसत होता, इंदिरा गांधींची हत्या झाली होती, दिल्लीत ट्रान्झिस्टरमध्ये दडवलेले बॉम्ब फुटले होते. सरकारला धाक दाखवण्याच्या किंवा जनतेत दहशत पसरवण्याच्या हेतूने केलेली हिंसा ही त्याची व्याख्या. मात्र या शिक्क्याबरोबर बरेच काही येत असे. जामीन जवळपास अशक्य होई आणि पोलीस अधीक्षकापुढे दिलेला कबुलीजबाब पुरावा ठरे. एवढे सोयीचे हत्यार हाती आल्यावर ते टोळीयुद्धांतल्या खुनांवरही चालले, यात नवल ते काय!

१९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला लगाम घातला, आणि खटला महाराष्ट्रातलाच होता: हितेंद्र विष्णू ठाकूर विरुद्ध महाराष्ट्र राज्य. न्यायालयाचे म्हणणे असे की, गुन्हा कितीही क्रूर असो, लोक कितीही हादरलेले असोत, ती भीती गुन्ह्याचा केवळ परिणाम असेल तर टाडा लागू होत नाही. भीती निर्माण करणे हाच हेतू हवा.

या कसोटीचा सर्वांत धक्कादायक निकाल लागला १९९९ मध्ये. २१ मे १९९१ रोजी श्रीपेरुंबुदूरला मानवी बॉम्बने राजीव गांधींची हत्या झाली. आसपासचे अनेक जणही मेले. टाडा न्यायालयाने २६ आरोपींना फाशी सुनावली. सर्वोच्च न्यायालयाने चौघांची फाशी कायम ठेवली, पण खुनासाठी. कटाचे लक्ष्य एक व्यक्ती होती, श्रीलंकेत भारतीय सैन्य पाठवल्याचा सूड हा हेतू होता. सरकारला धाक घालणे किंवा जनतेत दहशत पसरवणे हा हेतू सिद्ध झाला नाही. म्हणून टाडाखालील दहशतवादाचा आरोप टिकला नाही.

हे पचायला जड आहे. माजी पंतप्रधानाला भर सभेत स्फोटाने उडवणे आणि देशाला धाक घालणे यांत एवढे अंतर खरेच असते का? तर्क मात्र १९९४ चाच होता. विसंगती दुसरीकडे होती: टाडाचा गुन्हा कोसळला, तरी टाडाखाली पोलिसांनी नोंदवलेले कबुलीजबाब पुरावा म्हणून ग्राह्य राहिले आणि शिक्षा मुख्यतः त्यांवरच उभी राहिली.

टाडाची मुदत १९९५ मध्येच संपली होती. मुंबईतल्या टोळ्यांसाठी महाराष्ट्राने १९९९ मध्ये वेगळा कायदा केला, मोक्का. त्यातल्या गुन्ह्याचे नाव दहशतवाद नव्हते, संघटित गुन्हेगारी होते. पोलीस अधीक्षकापुढच्या कबुलीची तरतूद मात्र त्यात जवळपास तशीच परत आली.