कोल हार्बरची न हलणारी नौका

व्हँकुव्हरला आलेला पाहुणा आज ना उद्या स्टॅनली पार्कच्या वाटेला लागतोच. कॅनडा प्लेसपासून ही वाट कोल हार्बरच्या पाण्याला धरून जाते. डावीकडे काचेचे मनोरे, उजवीकडे बरार्ड खाडी, पलीकडे डोंगर. मध्येच एखादं पाण्यावरून उडणारं छोटं विमान असा आवाज करत उठतं की चालणारे बोलणं थांबवतात. याच वाटेवर हार्बर ग्रीन पार्कात ‘कोमागाता मारू’चं स्मारक आहे. बरेचजण पाठीमागच्या डोंगरांसह तिथे फोटो काढतात आणि पुढे सरकतात. पण भारतीय माणसाचा पाय तिथे थोडा रेंगाळतो.

२३ मे १९१४ रोजी ही जपानी बोट ३७६ प्रवासी घेऊन याच खाडीत आली. ३४० शीख, २४ मुसलमान, १२ हिंदू. सगळे ब्रिटिश साम्राज्याचेच प्रजाजन. पण १९०८पासून कॅनडाचा नियम होता की मायदेशातून सलग प्रवास करून येणाऱ्यालाच प्रवेश मिळेल, आणि भारतातून तसं थेट येण्याची सोयच नव्हती. गुरदित सिंगांनी भाड्याने घेतलेली ही बोट दोन महिने खाडीत अडकून पडली. १९ जुलैच्या रात्री पोलिसांना घेऊन ‘सी लायन’ नावाची टगबोट चालून आली, तेव्हा प्रवाशांनी वरून दगडी कोळशाच्या ढेकळांचा मारा करून तिला पिटाळून लावलं. मग सरकारने एस्क्विमॉल्टहून युद्धनौका मागवली. ‘रेनबो’ ही जुनाट क्रूझर २१ जुलैला येऊन उभी राहिली. तोफ डागावी लागली नाही. २३ जुलैला ‘कोमागाता मारू’ परत फिरली. सप्टेंबरात कलकत्त्याजवळच्या बजबज बंदरात उतरताच प्रवाशांवर गोळीबार झाला आणि त्यांच्यातले वीसएक जण मारले गेले, तो इतिहास आपल्याकडे अधिक ठाऊक आहे.

‘रेनबो’चा कप्तान होता वॉल्टर होझ. जन्म १८७५चा, तोही भर हिंदी महासागरात, एका बोटीवर. हे नाव लक्षात ठेवून पुढे चालायला हवं, कारण दोनेक किलोमीटरवर ते पुन्हा भेटतं.

पार्कात शिरल्यावर रोइंग क्लब आणि यॉट क्लबच्या शिडांच्या डोलकाठ्या मागे पडतात आणि उजव्या हाताला एक चिमुकलं बेट दिसतं. डेडमॅन आयलंड. एका छोट्या भरावाच्या रस्त्याने ते पार्काला जोडलेलं आहे, पण तोंडाशी फाटक आहे आणि आत आगंतुकाला मज्जाव. फाटकापलीकडे आहे ‘एचएमसीएस डिस्कव्हरी’. नावापुढची अक्षरं युद्धनौकेची, पण ही नौका कधी नांगर उचलत नाही. हे कॅनडाच्या नौदलाच्या स्वयंसेवक राखीव दलाचं प्रशिक्षण केंद्र. दिवसा नोकरी करणारे किंवा कॉलेजात जाणारे तरुण इथे फावल्या वेळात खलाशाचे धडे गिरवतात.

ही कल्पना होझ यांची. पहिलं महायुद्ध संपलं आणि ओटावातल्या सरकारला नौदल हा फुकटचा खर्च वाटू लागला. १९२२ साली तरतूद २५ लाख डॉलरवरून १५ लाखांवर आली. तोवर नौदलाचे प्रमुख झालेल्या होझ यांनी क्रूझर आणि पाणबुड्या सेवेतून काढल्या, नौदलाचं महाविद्यालय बंद केलं, आणि उरलेल्या पैशांत एक चतुर डाव टाकला. जानेवारी १९२३मध्ये ‘रॉयल कॅनेडियन नेव्हल व्हॉलंटिअर रिझर्व्ह’ उभं राहिलं. मर्यादा अवघी हजार माणसांची. त्यांनी ती गावोगाव विखुरली, अगदी सॅस्कॅटून आणि रिजायनासारख्या, चहूकडे गव्हाची शेतं असलेल्या शहरांतसुद्धा. जिथे समुद्र कुणी पाहिलेला नाही तिथे नौदलाचे पाठीराखे तयार झाले, तर पुढच्या कपातीला आडकाठी येईल, हा त्यामागचा हिशेब. एखाद्या मुरलेल्या राजकारण्यालाही तो सुचला नसता.

व्हँकुव्हरची अर्धी कंपनी १९२४ साली सुरू झाली. १ नोव्हेंबर १९४१ रोजी देशभरच्या अशा तुकड्यांना नौकांची नावं मिळाली. इथल्या तुकडीला मिळालं ते १७९२ साली हा किनारा मोजणाऱ्या जॉर्ज व्हँकुव्हरच्या जहाजाचं. बेट हाती आलं १९४२मध्ये, आणि १९४४मध्ये तिथलं केंद्र रीतसर सुरू झालं.

बेट मात्र रिकामं कधीच नव्हतं. किनाऱ्यावरचे मूळ रहिवासी आपले मृत देवदाराच्या पेट्यांत घालून इथल्या झाडांवर ठेवत. १८६२ साली आलेल्या जॉन मॉर्टन या गोऱ्या वसाहतवाल्याने त्या पेट्या पाहिल्याची हकिगत सांगतात. पुढे खलाशी, रेल्वेचे मजूर, १८८६च्या आगीत गेलेले लोक इथेच पुरले गेले. देवीची साथ आली तेव्हा रोग्यांनाही इथेच आणून ठेवलं. १८९९मध्ये केंद्र सरकारने हेच बेट थिओडोर लडगेट या लाकूडवाल्याला वर्षाला ५०० डॉलरवर देऊन टाकलं. त्याची माणसं कुऱ्हाडी घेऊन उतरली आणि महापौर जेम्स गार्डन पोलीस घेऊन त्यांच्या मागोमाग. तंटा अनेक वर्षं कोर्टात रेंगाळला. पेट्यांच्या वारसांना त्यात कुणी विचारलं नाही.

होझ यांचा डाव फळाला आला तो दुसऱ्या महायुद्धात. १९३९ साली कॅनडाच्या नौदलाकडे सहा विनाशिका होत्या. युद्ध संपेपर्यंत ते जवळपास लाखभर माणसांचं झालं. यांतले बहुसंख्य स्वयंसेवक दलाचे. त्यांच्या अधिकाऱ्यांच्या बाहीवरची सोनेरी पट्टी सरळ नसून नागमोडी असे, म्हणून सगळे त्यांना ‘वेव्ही नेव्ही’ म्हणत. अटलांटिकमध्ये जर्मन पाणबुड्यांपासून मालवाहू ताफे राखणाऱ्या छोट्या कॉर्व्हेट नौका मुख्यतः याच लोकांनी चालवल्या. काल बँकेत खतावणी लिहिणारा आज रात्रभर गोठलेल्या डेकवर पहाऱ्याला उभा, असा तो मामला.

पण नागरिकांचं म्हणवणाऱ्या या दलाचं फाटकही सगळ्यांसाठी उघडं नव्हतं. युद्धाच्या सुरुवातीच्या वर्षांत भरतीचा नियम सांगत होता की उमेदवार शुद्ध युरोपीय वंशाचा आणि गोरा हवा. ‘कोमागाता मारू’ परतवणारी आणि हा नियम करणारी वृत्ती एकच. होझ यांनी ती निर्माण केली नव्हती, पण त्यांच्या दोन्ही कामांवर तिची सावली आहे. संसदेत ‘कोमागाता मारू’बद्दल माफी मागितली गेली ती थेट १८ मे २०१६ रोजी. वंशाचा नियम त्यामानाने लवकर, १९४३ साली गेला.

व्हिक्टोरियात जन्मलेला विल्यम लोर हा चिनी वंशाचा कॅनेडियन तरुण त्याच वर्षी स्वयंसेवक दलात दाखल झाला. याआधी नौदलाने त्याला परत पाठवलेलं होतं. ऑगस्ट १९४५मध्ये ब्रिटिश ताफा हाँगकाँग ताब्यात घ्यायला गेला, तेव्हा लोर पहिल्या तुकडीबरोबर किनाऱ्यावर उतरला आणि शाम शुई पोच्या छावणीत पोचला. तिथे १९४१च्या डिसेंबरपासून जपान्यांच्या कैदेत पडलेले कॅनेडियन सैनिक होते. सुटका झाल्याची बातमी त्यांना या लोरनेच दिली.