मोझेलकाठची सायकलवाट

फ्रान्समधील व्होज पर्वतात उगम पावलेली मोझेल नदी सुमारे 544 किलोमीटरांचा प्रवास करून जर्मनीतील कोब्लेन्झ येथे ऱ्हाइनला मिळते. ट्रिअर या रोमनकालीन नगरापासून संगमापर्यंत नदीकाठाने सायकलमार्ग जातो. दोन्ही तीरांवर उंच डोंगर असूनही ही वाट बहुतांशी सपाट आहे. चढ वाट्याला येतो तो द्राक्षमळ्यांत राबणाऱ्यांच्या. ब्रेम गावाजवळील काल्मोंटचा उतार काही ठिकाणी 65 अंशांपर्यंत जातो. शाळेच्या पाटीसारखा तेथील काळसर दगड दिवसाचे ऊन साठवून रात्री वेलींना ऊब देतो. त्यामुळेच या थंड प्रदेशात रीसलिंग द्राक्षे नीट पिकतात. मात्र अशा उतारावर ट्रॅक्टर चालत नाही. छाटणी व तोडणी हातांनीच करावी लागते. हा जमाखर्च जुळेनासा झाल्याने कित्येक जुने मळे ओस पडून झुडपांखाली गेले आहेत. ऑक्टोबरच्या सुमारास, तोडणीच्या दिवसांत, प्रवाशाने येथे सायकल थांबवून क्षणभर वर पाहावे. राखलेला मळा आणि पडीक तुकडा शेजारी शेजारी दिसतात. पर्यटक ज्या सौंदर्यासाठी येथवर येतात, ते डोंगराने दिलेले नसून पिढ्यान्‌पिढ्यांच्या श्रमांनी टिकवलेले आहे, हे तेव्हा उमगते.